अनोळखी स्त्री, टेलबी स्टेशन

टेलबीच्या संग्रहालयात कपडे घासायच्या पाट्या बावीस होत्या, पायपेट्या नऊ होत्या, आणि गावची जमीन पहिल्यांदा फोडणारा जो नांगर, तो दोन होता. एक स्वेनसनांच्या घरून आलेला, दुसरा मकॅलमांच्या. दोन्हींवर एल्विना हॉगेनने आपल्या हाताने चिठ्ठी लावली होती, 'टेलबीतला पहिला नांगर'. बाहेरगावचा कुणी शहाणा विचारायचा, "बाई, पहिले दोन कसे?" तर ती चष्म्यावरून बघत म्हणायची, "जमीन मोठी आहे आमची. दोन्ही टोकांनी सुरुवात झाली."

नाही म्हणणं तिला जमायचंच नाही. कुणाची आजी गेली की आठवड्याभरात नातवंडं ट्रकमध्ये तिची शिलाई मशीन घालून संग्रहालयाच्या दारात हजर. टाकवत नाही आणि घरात ठेववत नाही अशा वस्तूंचं ते माहेर होतं. एल्विना प्रत्येक वस्तूला कॉफी विचारल्यासारखं आत घ्यायची, नंबर द्यायची, कार्ड टाइप करायची. कार्डावर देणाऱ्याने सांगितलेली गोष्ट जशीच्या तशी. ती खोटी आहे हे ठाऊक असलं तरी तशीच. "त्यांची वस्तू, त्यांची गोष्ट. मी कोण मोडता घालणारी?" असं तिचं म्हणणं.

संग्रहालय म्हणजे जुनं रेल्वे स्टेशन. गाडी बंद झाली, रूळ उपटून नेले, धान्याचं उंच कोठार पाडलं, पण ही लाल इमारत तेवढी राहिली. तिच्यापुढे क्षितिजापर्यंत सस्कॅचेवानचा गहू. अठ्ठ्याऐंशी साली गावाने तिचं संग्रहालय केलं आणि किल्ली एल्विनाच्या हाती दिली, ती तिच्याच हाती राहिली. मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारापर्यंत, दुपारी एक ते पाच. बत्तीस उन्हाळे. गारपीट असो, गावात लग्न असो, एकला पाच मिनिटं कमी असताना ती कुलूप काढायची.

नवरा ऑर्व्हल बिचारा शेतकरी माणूस, त्याची आयुष्यात एकच हौस होती. समुद्र बघायचा. "नुसता बघू. पाय बुडवू आणि परत येऊ," म्हणायचा. ती म्हणायची, "ऑक्टोबरात जाऊ, संग्रहालय मिटल्यावर." ऑक्टोबरात कापणीची आवराआवर, मग बर्फ, मग पुन्हा मे. काही वर्षांनी ऑर्व्हलने विचारणंच सोडलं, आणि दोन हजार आठ साली तो समुद्र न बघताच गेला. पायात नवे मोजे घालून त्याला पुरताना एल्विनाला ते आठवलं, आणि ते ओझं पुढे तिच्या मनावरून कधी उतरलं नाही.

गावाला वाटायचं, बाईला इतिहासाचं वेड आहे. इतिहासाशी तिला काडीचं देणंघेणं नव्हतं. ती त्या दारात एका माणसाची वाट बघत होती.

सगळी मुळं साठ सालच्या मार्चमध्ये होती. तेव्हा ती एल्विना ऑस्टबी होती, वय एकोणीस. आधीच्या उन्हाळ्यात शेताशेतांतून विजेच्या तारा ओढणारी एक टोळी आली होती. त्यातला एक उंच, हसरा तरुण तारांबरोबरच पुढच्या जिल्ह्यात निघून गेला. आपण काय मागे ठेवून चाललो हे त्याला कळलंच नाही, आणि तिला कळलं तोवर त्याचा पत्ता नव्हता. अशा मुलींसाठी शहरात चर्चचं एक घर होतं. बापाने तिकडे लिहून ठेवलं होतं. पण बर्फाच्या वादळाने आठ दिवस रस्ता बंद झाला आणि बाळ ठरल्याआधीच माडीवरच्या खोलीत जन्मलं. मुलगी होती.

पाच आठवडे ती पोर त्या खोलीत होती. एल्विनाने तिला दूध पाजलं, न्हाऊ घातलं, रात्री पोटाशी धरून झोपवलं, आणि आपल्या आजीचं नाव ठेवलं, सुनिव्हा. आईने ते नाव ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी लोकर काढून एक टोपी विणायला बसली. बापाने बायबलवर हात ठेवायला लावून तिच्याकडून शपथ घेतली की याबद्दल जन्मात तोंड उघडायचं नाही.

एप्रिलच्या एका सकाळी ती बाळाला घेऊन टेलबी स्टेशनवर उभी राहिली. तिचा स्वतःचा कोट अजून अंगाला बसत नव्हता, म्हणून मैत्रीण पर्लकडून हिवाळ्यात मागून आणलेला सैल कोट घातला होता. स्टेशनमास्तरीणबाईंनी नवा कॅमेरा घेतला होता आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीचा फोटो काढायचा त्यांना नाद होता. त्यांनी कॅमेरा रोखला आणि एल्विनाने तोंड फिरवलं. शहरात पांढऱ्या कपड्यांतल्या एका बाईने बाळ घेतलं, आतल्या खोलीत गेली, परत आली आणि टोपी तिच्या हातात ठेवली. "ही आमच्याकडे लागत नाही," म्हणाली. त्यानंतर तिने आपली मुलगी पुन्हा पाहिली नाही.

तीन वर्षांनी ऑर्व्हलशी लग्न झालं. मूल झालं नाही. लोक हळहळले, ऑर्व्हल तिच्या पाठीवर हात ठेवून "असू दे" म्हणाला, आणि ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली.

आणि मग अठ्ठ्याऐंशी साली स्टेशनमास्तरीणबाई वारल्या आणि त्यांच्या मुलाने फोटोंनी भरलेलं बुटांचं खोकं संग्रहालयात आणून दिलं. सातवा फोटो हातात आला तेव्हा एल्विना उभी होती ती खालीच बसली. फलाट, गाडीचा धूर, सैल कोटातली एक बाई तोंड फिरवून उभी, आणि तिच्या खांद्यावर टोपीतलं एक इवलंसं डोकं, ते मात्र थेट कॅमेऱ्याकडे बघणारं. त्या दिवशी तिने संग्रहालय पहिल्यांदा आणि शेवटचं लवकर बंद केलं. दुसऱ्या दिवशी येऊन कार्ड टाइप केलं. '८८.४१.७. अनोळखी स्त्री व तान्हे मूल, टेलबी स्टेशन, अंदाजे १९६०.' अंदाजे! तिला तारीख काय, घड्याळातलं मिनिटसुद्धा ठाऊक होतं. टोपी तिने काचेच्या कपाटात लहान मुलांच्या कपड्यांमध्ये ठेवून दिली. देणाऱ्याचं नाव अज्ञात.

उन्हाळ्यात दूरदूरहून माणसं यायची. कुणाचा पणजोबा इथे राहायचा, कुणाच्या आजीचं लग्न इथल्या चर्चमध्ये झालेलं. मुळं शोधणारा माणूस गावात आला की पहिला संग्रहालयाचं दार ठोठावतो, हे एल्विनाने पहिल्याच वर्षी ओळखलं. मुलगी दिली तेव्हा कागदावर आईचं गाव लिहिलेलं होतं. 'जिला देऊन टाकलं तिच्या दारात आपण कुठल्या तोंडाने जायचं? तिला वाटलं तर ती येईल. आपण दार उघडं ठेवायचं.' असा तिने मनाशी निवाडा केला. मोटारीतून कुणी बाई उतरली की एल्विना आधी तिचं वय जोखायची.

दर ऑगस्टमध्ये गावाचा मेळा भरायचा. बाहेर गेलेली माणसं परत यायची, संग्रहालयात 'अनोळखी' टेबल मांडलं जायचं. ज्यांतली माणसं कुणाला ओळखू आली नाहीत असे फोटो ओळीने, प्रत्येकापुढे एक कोरी चिठ्ठी आणि एक मऊ पेन्सिल. पेन्सिलच, कारण शाई फोटोच्या पाठीतून पुढे उतरते. म्हातारे भिंग घेऊन वाकायचे आणि भांडायचे.

"हा आमचा क्लिफर्ड."

"क्लिफर्ड? क्लिफर्डचे कान विसरलास काय रे? त्याची टोपी वाऱ्याने कधी उडाली नाही, कानांनीच धरून ठेवायचे तिला."

"मग हा कोण?"

"हा त्याचा भाऊ. याचा दात बघ, माझ्याच बापाने पाडला होता."

अशी दरवर्षी पाचदहा नावं मिळायची. ८८.४१.७ तिथेच असायचा, टेबलाच्या टोकाला, आणि त्याच्याजवळ एल्विना. एकेक जण फोटो उचलायचा, बघायचा, हळूच खाली ठेवायचा आणि कॉफीकडे वळायचा. चिठ्ठी कोरीच. दरवर्षी ती तिथून हलायची नाही, कुणी लिहील या भीतीने आणि कुणीच लिहीत नाही या दुःखाने. तोंड फिरवलं ते फारच बेतशीर फिरवलं, असं म्हणून ती फोटो परत खोक्यात ठेवायची.

बत्तीस उन्हाळ्यांत ती फक्त दहा दिवस गैरहजर होती. शहाण्णव सालच्या जुलैमध्ये पित्ताशयाच्या खड्यांनी उचल खाल्ली आणि तिला शेजारच्या गावी दवाखान्यात नेलं. स्ट्रेचरवरूनसुद्धा किल्ली तिने पर्ल वॉयटोविचच्या हातात कोंबली. "एकला उघड. पाचपर्यंत हलू नकोस. येईल त्याची वहीत सही घे." परत आल्यावर घरीही न जाता स्टेशनवर गेली आणि विचारलं, "कुणी आलं होतं?"

"कोण येतंय मरायला?" पर्ल म्हणाली. "दोन जर्मन आले आणि एक कुत्रा. कुत्र्याला जास्त आवडलं."

वहीतलं एक पान फाडलेलं होतं. त्यावर कॉफी सांडली, असं पर्ल म्हणाली. एल्विनाने विश्वास ठेवला. लहानपणापासूनची मैत्रीण, तिच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?

आणि आता, दोन हजार एकोणीसमध्ये, संग्रहालय बंद व्हायचं ठरलं. छपराचे वासे कुजले होते, आणि एल्विनाशिवाय कुणी बसायला तयार नव्हतं. तीही अठ्ठ्याहत्तरची. गावच्या कौन्सिलवरची डार्सी फेंटन निरोप घेऊन आली. ही डार्सी लहान असताना एल्विनाच्या रविवारच्या वर्गात नाक पुसत बसायची.

"हॉगेनबाई, वस्तू ज्यांच्या त्यांना परत विचारू. फोटो शहरातले अभिलेखागारवाले घेतायत. पण नावं असलेलेच."

"आणि नसलेले?"

"ते म्हणतात, नुसत्या चेहऱ्यांचं काय करायचं? जागा नाही त्यांच्याकडे." डार्सीने मान खाली घातली. "मेळ्यापर्यंत बघा ना किती ओळखले जातात ते. उरलेले मग... कचऱ्याच्या डेपोतच."

एल्विनाने स्वतः सगळ्यांना फोन केले. स्वेनसनांना नांगर नको होता, मकॅलमांनाही नको होता. बावीस पाट्यांपैकी दोन गेल्या, त्याही व्हॅंकुव्हरच्या एका सुनेला भिंतीवर लावायला.

शेवटच्या मेळ्याला टेबल मांडलं. भिंगं आली, भांडणं झाली, चौदा फोटोंना नावं मिळाली. चार वाजता माणसं चर्चच्या तळघरात जेवायला गेली. टेबलावर डार्सीची दोन खोकी होती, एक नावांचं, एक बिननावाचं. आणि टोकाला ८८.४१.७, पुढे कोरी चिठ्ठी.

एल्विनाने पेन्सिल उचलली. नाव लिहिलं नाही तर सोमवारी पोर डेपोत जाणार, पाच आठवड्यांची, कॅमेऱ्याकडे बघत. हजारो माणसांची नावं तिने आयुष्यभर लिहिली होती. हात वर उचलला आणि तसाच राहिला. बाप मरून चाळीस वर्षं झाली होती, तरी शपथ हातात जिवंत होती.

"लिही ना. थांबलीस कशाला?"

दारात पर्ल उभी होती. एका हातात खसखशीचा रोल कापडात गुंडाळलेला, काखेत पाककृती ठेवायचा पत्र्याचा डबा.

"काय लिहू?" एल्विना म्हणाली.

"तुझं नाव. अजून काय?" पर्ल येऊन बाकावर टेकली. "एल्विना, तो कोट माझा आहे. माझा कोट मी ओळखणार नाही होय? चौथं बटण बघ, वेगळं आहे. मी माझ्या हाताने लावलंय."

एल्विनाने पेन्सिल खाली ठेवली. "तुला माहीत होतं?"

"मला? अगं, अख्ख्या गावाला माहीत होतं. पाच आठवडे तुझी आई दुकानातून लंगोटांचं कापड आणि पावडर नेत होती, ती काय कोंबड्यांना?"

"मग एवढ्या वर्षांत कुणी लिहिलं का नाही?"

"तुझ्यासमोर? तू टेबलाच्या टोकाला पांढरीफटक पडून उभी, आणि तुझ्यादेखत कुणी तुझं नाव लिहायचं? आम्ही माणसं आहोत की कोण?" पर्लने नाक ओढलं. "तो क्लिफर्डवरून भांडणारा म्हातारा तर दरवर्षी पेन्सिल उचलायचा, आणि त्याची बायको त्याचा पाय तुडवायची."

एल्विनाला हसू आलं आणि रडूही आलं. एकतीस वर्षं एकेक जण तिच्यासाठी आंधळा झाला होता. इतकी माया आपल्यावर केली जातेय हे तिला कधी कळलंच नाही. पर्ल मात्र हसत नव्हती. तिने डबा मांडीवर घेतला, झाकण उघडलं आणि कार्डांच्या मागून घडी घातलेला कागद काढला. त्याची एक कड फाटकी होती.

"शहाण्णव सालचं पान," ती म्हणाली. "तू दवाखान्यात होतीस."

एल्विनाने वाचलं. १७ जुलै १९९६. नाव, लॉर्ना ड्यूहर्स्ट. गाव, रेड डिअर. शेरा, 'माझ्या जन्मदात्या आईचं गाव बघायला आले. सुंदर संग्रहालय. कुणाला काही आठवल्यास कृपया फोन करावा.' खाली नंबर. पुन्हा वाचलं. 'ल'चं वळण एल्विनाचं स्वतःचं होतं. तेवीस वर्षं तो कागद भरलेल्या कोबीच्या आणि बिटाच्या सूपच्या पाककृतींमागे पडून होता.

"ती दारातून आत आली," पर्ल सांगू लागली, "आणि मला वाटलं तूच दवाखान्यातून पळून आलीस. तीच चाल, तोच खांदा. म्हणाली, साठ सालचा मार्च, आई एकोणीस वर्षांची, नॉर्वेकडची. मी म्हटलं..."

"काय म्हटलंस?"

"म्हटलं, नाही गं बाई, अशी कुणी नव्हती आमच्याकडे."

स्टेशनचं मोठं घड्याळ कधीचं बंद होतं. बाहेर गव्हात कुणाचा तरी ट्रॅक्टर चालला होता.

"पर्ल."

"मी तुझ्यासाठी केलं! ऑर्व्हल होता. तुझा संसार होता. मला वाटलं, दवाखान्यातून येशील आणि दारात हे. मी तिला कॉफी दिली, रोल दिला. जाताना इतकी केविलवाणी झाली की मला राहवेना. हाच फोटो काढला आणि मशीनवर त्याची प्रत करून दिली. म्हटलं, कोण आहे माहीत नाही, पण तुझ्या सालातला आहे, आमच्या स्टेशनचा. घेऊन जा."

"आणि मला? मला काय म्हणालीस? दोन जर्मन आणि एक कुत्रा."

"ते आलेच होते," पर्ल कशीबशी म्हणाली.

"ऑर्व्हल गेला तेव्हा? त्यालाही अकरा वर्षं झाली!"

"शेवटच्या आजारात मी त्याच्या उशाशी बसले होते, तेव्हा कळलं, त्याला आधीपासून ठाऊक होतं. कुणी सांगितलं देव जाणे. म्हणाला, समुद्राचं मी विचारणं सोडलं, कारण ती दार सोडून येणार नाही आणि मी तिला सोडायला सांगणार नाही." पर्लने डबा पोटाशी घट्ट धरला. "तेव्हा सांगायला हवं होतं. पण बारा वर्षं गप्प बसल्यावर माणूस कसं सुरू करतं, एल्विना? दर रविवारी ठरवायचे. चर्चमध्ये तू शेजारी बसायचीस, भजनाचं पुस्तक माझ्याकडे सरकवायचीस, आणि माझी जीभ टाळ्याला चिकटायची."

आयुष्यात कुणाला नाही न म्हटलेली एल्विना उठली आणि तिने दार पूर्ण उघडलं. "जा पर्ल," ती म्हणाली. "आत्ता जा." तिला ओरडायचं होतं, तो डबा भिंतीवर फेकायचा होता, आणि तिच्या तोंडून आवाज निघाला तो एवढाच. पर्ल रोल बाकावर ठेवून फलाटावरून खाली उतरली. तिला पायऱ्या उतरायला वेळ लागत होता, पण एल्विनाने हात दिला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. एल्विना चर्चला गेली नाही. सकाळी दहाला ती स्वयंपाकघरातल्या फोनपाशी बसली. समोर फोटो, वहीचं पान, आणि कपाटातून काढून आणलेली टोपी. लेक एकोणसाठची असेल, नंबर बदलला असेल, फोन आपटेल, शिव्या देईल, सगळ्याची तिने तयारी केली होती.

"हॅलो?" पुरुषाचा आवाज होता, पोरसवदा.

"लॉर्ना ड्यूहर्स्ट आहेत का?"

"कोण बोलतंय?"

"टेलबीच्या संग्रहालयातून," तिच्या तोंडून सवयीने गेलं.

"अच्छा. मी ब्रेंट, त्यांचा मुलगा. आई नाहीये आता. गेली. मार्चमध्ये चार वर्षं झाली."

एल्विनाने भिंतीला हात टेकला. सगळ्याची तयारी केली होती, या एकाची नव्हती. आपण आधी मरायचं असतं, लेकीने नव्हे, एवढं तिने गृहीत धरलं होतं. लॉर्ना पंचावन्नाव्या वर्षी गेली. त्या मार्चमध्ये आपण काय करत होतो? पाट्यांवरची धूळ पुसत होतो, मेची तयारी म्हणून.

"ऐकताय ना?" मुलगा म्हणाला. "टेलबी म्हणजे ते स्टेशनच्या फोटोवालं का? तो अजून इथे भिंतीवर आहे, आईच्या कॉफीच्या जागेसमोर. कोण आहेत ते कुणालाच माहीत नाही ना? आई म्हणायची, ज्यांना कुणी ओळखत नाही त्यांना निदान कुणीतरी गुड मॉर्निंग म्हणावं. रोज म्हणायची. आम्ही हसायचो तिला." तो थांबला. "तुम्ही का फोन केलात?"

एकोणसाठ वर्षांत एकदाही न केलेली गोष्ट करायची होती, आणि करायची कशी ते तिला एकाच तऱ्हेने ठाऊक होतं.

"ब्रेंट, तो फोटो खाली काढ," ती म्हणाली. "चौकटीतून काढ आणि पालथा कर. पेन्सिल आहे का जवळ? पेन नको. पेन्सिल."

खुर्ची सरकल्याचा, खण उघडल्याचा आवाज आला. "हं. आहे."

"लिही. टेलबी स्टेशन, सस्कॅचेवान. सोळा एप्रिल एकोणीसशे साठ, सकाळी नऊ वाजून वीस. 'अंदाजे' लिहू नकोस."

"लिहिलं."

"कोट, पर्ल वॉयटोविच यांचा."

"कोटसुद्धा लिहायचा?"

"कोटसुद्धा. आता बाई. एल्विना ऑस्टबी, वय एकोणीस. लग्नानंतर हॉगेन. मी बोलतेय ती."

पेन्सिल थांबलेली तिला ऐकू आली. त्याचा श्वास तेवढा येत होता, आणि मग तोही अडखळत येऊ लागला.

"आणि बाळ?" त्याने विचारलं. आवाज एवढासा झाला होता.

"बाळ सुनिव्हा. आईला विचार–" ती बोलून गेली आणि थांबली. आईला विचारायची सोय नव्हती. तिने टोपी हातात घेतली, तिची निळी किनार अंगठ्याने चाचपली, आणि एकेक अक्षर सुटं करून त्याला पुन्हा सांगितलं, ते नाव कुणी नंतर चुकीचं लिहू नये म्हणून.